‘नाही’ म्हणायला जागा ठेवून विचारा

पत्राचा सारांश: पत्रलेखक 29 वर्षांचे आहेत. कोथरूडला राहतात आणि हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड आहेत. त्याच कंपनीतली, पण दुसऱ्या प्रोजेक्टवरची 27 वर्षांची एक मुलगी गेले 14 महिने त्यांच्याच बसने ये-जा करते. जाता-येता मिळून रोज दोन-अडीच तास गप्पा होतात, रात्री व्हॉट्सॅपवरही होतात. ती त्यांना मनापासून आवडू लागली आहे. मागच्या महिन्यात ती सहज म्हणाली, ‘‘घरी स्थळं बघायला सुरुवात झालीये. तुळशीचं लग्न झालं की कांदेपोहे सुरू.’’ तेव्हापासून यांची झोप उडाली आहे. मित्रांचं म्हणणं, ‘‘तिच्याही मनात आहे, तू विचारायचीच वाट बघतेय.’’ त्यांचा बेत असा की, पुढच्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला केक कापून झाला की सगळ्यांसमोर विचारून टाकायचं. यांनी मोबाइलच्या नोट्समध्ये अकराशे शब्दांचं मनोगत लिहून ठेवलं आहे. भीती दोन गोष्टींची आहे. नकार आला तर मैत्री तुटेल आणि होकार आला तर दोन्ही घरांत जातीवरून वादळ होईल. शिवाय पुढच्या तिमाहीत ती त्यांच्याच टीममध्ये येण्याची शक्यता आहे. त्यांचा प्रश्न: ‘‘तिचा होकार येईल अशा पद्धतीने कसं सांगू?’’

उत्तर:

तुमच्या लांबलचक पत्रात ‘होकार’ हा शब्द सात वेळा आलाय. म्हणून आधी त्याचंच बोलू. होकार मिळवून देणारी पद्धत कुणाकडेच नाही. तिला तुमच्याबद्दल काय वाटतं, ते या 14 महिन्यांत बरंचसं ठरलेलं असणार. विचारण्याच्या थाटामाटाने ते बदलत नाही. विचारण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं ते इतकंच, की तुम्हाला तिच्या मनातलं उत्तर मिळेल की भिडेखातर दिलेलं. भिडेखातर मिळालेला होकार पुढे दोन-तीन महिन्यांत कुरकुरायला लागतो आणि तेव्हा तो मोडणं दोघांनाही जास्त महाग पडतं. तेव्हा तुमचा प्रश्न थोडा फिरवून घेऊ: तिला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येईल, अशा पद्धतीने कसं विचारायचं?

आता मित्रांची साक्ष. ती तुमच्यासाठी जागा धरून ठेवते, तुमच्या विनोदांना हसते, रात्री साडेअकराला उत्तर देते, एवढ्यावर त्यांनी निकाल दिलाय. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी 1982 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक मुलगा आणि एक मुलगी 5 मिनिटं बोलतात आणि दुसरी जोडी ते पाहते. त्याच गप्पांमध्ये मुलींना दिसला त्याहून जास्त ‘तसला’ रस मुलग्यांना त्या बोलणाऱ्या मुलीत दिसला. पुढेही बऱ्याच अभ्यासांत हेच आढळलं. म्हणजे तुमचे मित्र खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांचा चष्मा तुमच्याच नंबरचा आहे.

आणि बसचं काय? बसमधली जागा ठरलेली, वेळ ठरलेली, उतरायची सोय नाही. तिथे माणूस शेजारच्याशी चांगलंच बोलतो, आणि मनमिळाऊ माणूस तर फारच चांगलं बोलतो. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही: तुम्ही दोघं बस आणि ऑफिस सोडून कधी भेटला आहात का? सुट्टीच्या दिवशी, ठरवून, दोघंच? नसाल, तर मन मोकळं करण्याच्या आधीची ही पायरी राहून गेलीये, आणि ती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ही पायरी सोपी आहे. तिच्या आवडीचं काहीतरी निमित्त काढा. एखादं प्रदर्शन, नाटक, पुस्तकांचं दुकान, काहीही चालेल. फक्त ‘‘आपण सगळे जाऊया’’ म्हणू नका, ‘‘मी जाणार आहे, तू येशील का?’’ असं विचारा. ‘‘या शनिवारी नाही जमत, पण पुढच्या रविवारी चालेल का?’’ असं ती म्हणाली, तर दार किलकिलं आहे. ‘‘अरे वा, मस्त, बघते’’ आणि पुढे काहीच नाही, असं दोनदा झालं, तर थांबा. तिसऱ्यांदा विचारू नका. तेच उत्तर समजा, आणि त्यात तुमचं काही गेलेलं नाही. किंवा ती आली, पण येताना दोन मैत्रिणींना घेऊन आली, तर तेही उत्तरच आहे आणि तिने ते फार शहाणपणाने दिलेलं आहे.

तुळशीच्या लग्नाची मुदत तुम्ही स्वतःवर घालून घेतली आहे. ‘घरी स्थळं बघतायत’ हे वाक्य सत्तावीस वर्षांची जवळजवळ प्रत्येक मुलगी कुणाजवळ तरी बोलून दाखवतेच. बहुतेकदा तो वैताग असतो. कधी खडा टाकून पाहिलेलाही असू शकतो, नाही असं नाही. पण तुम्हाला ते वाक्यावरून ओळखता येणार नाही, मला तर पत्रावरून मुळीच नाही. त्यामुळे ते पुरावा म्हणून धरू नका. विचारायला उगाच सहा महिने घालवू नका, इतकाच त्याचा उपयोग. तीन-चार आठवड्यांत एक-दोनदा बाहेर भेटणं आणि मग बोलणं, हा वेग पुरेसा आहे.

वाढदिवसाचा बेत आजच रद्द करा. केकभोवती पंधरा माणसं, त्यातली निम्मी मोबाइल धरून उभी, आणि तिच्या हातात सुरी. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारी मुलगी सगळ्यांच्या नजरेत दुष्ट ठरते, म्हणून ती ‘हो’ म्हणते किंवा रडते. पंधरा साक्षीदार उभे करून विचारलं, तर प्रश्न तिला विचारलेला असतो पण उत्तर सभेला द्यावं लागतं. व्हेनेसा बोन्स या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी आपल्या एका सहकारी संशोधिकेबरोबर याच विषयावर अभ्यास केला आहे. त्यांना आढळलं की, नकार देणं समोरच्याला किती जड जातं, याचा विचारणाऱ्याला सहसा कमीच अंदाज असतो. तो अभ्यास दोघांतल्या साध्या विचारण्याबद्दल होता. गर्दीत काय होत असेल, त्याची कल्पना करा.

मग कुठे आणि कधी? बसमध्ये नको, कारण चांदणी चौकात बस अडकलेली असताना तिला उठून जाता येत नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नको. तुमच्या गाडीत नको, तिच्या इमारतीखाली नको, संध्याकाळी टेकडीवर तर नकोच. झेड ब्रिजवर बसलात, तर उत्तर तिच्याआधी येणारे-जाणारेच देऊन टाकतील. रविवारी सकाळी उडप्याच्या हॉटेलातही जमणार नाही, तिथे पाठीमागे टेबल रिकामं व्हायची वाट बघत चार जण उभे असतात. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराचा अर्धा रिकामा कॅफे चांगला. लोक असतात पण ऐकत नाहीत, बाहेर उजेड असतो. ती स्वतःच्या दुचाकीने किंवा रिक्षाने आलेली असावी, म्हणजे परतीसाठी तुमच्यावर अवलंबून नसेल. फक्त चहा-कॉफी मागवा, खायला काही नको. मिसळ यायला वीस मिनिटं लागतात, आणि उत्तर तिसऱ्या मिनिटाला आलं तर उरलेली सतरा मिनिटं दोघांनी रश्शाच्या नावाने बसून राहायचं. पैसे काउंटरवर आधीच देता आले तर उत्तम.

आल्याआल्या पाच-दहा मिनिटं नेहमीचं बोला, मग विषय काढा. निघताना, चप्पल-हेल्मेटच्या गडबडीत सांगायचा मोह होतो. तसं केलंत तर तुम्ही मोकळे होता आणि ते ओझं तिच्या डिकीत जातं.

आता ते अकराशे शब्द. ते लिहिलेत हे चांगलं केलंत, पण ते तुमच्यासाठी आहेत. तिला पाठवू नका आणि वाचूनही दाखवू नका. इतकं लांब ऐकल्यावर माणसाला वाटतं की, याचं उत्तरही तेवढंच मोठं द्यायला हवं. त्यात ‘पहिल्या दिवसापासून’, ‘तुझ्याशिवाय’, ‘रात्ररात्र झोप नाही’ असं काही असेलच. त्यातला प्रत्येक शब्द तिच्यावर उपकारासारखा चढतो. तिने कधी न मागितलेल्या 14 महिन्यांच्या जागरणाचा हिशेब तिला एका बैठकीत द्यायचा, हे काही बरं नव्हे.

मराठीत या बोलण्याची एक पंचाईत आहे. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य तोंडातून निघताच नाटकातलं वाटतं, त्यामुळे निम्मे लोक इंग्रजीत शिरतात आणि उरलेले विनोद करतात. दोन्हींत अर्थ निसटतो. ‘आय लाइक यू यार’ म्हटलं की समोरचीला कळतच नाही, हे मैत्रीतलं की त्यापुढचं. विनोदात सांगितलं, तर ती विनोदातच घेईल आणि तुम्ही रात्री तिच्या हसण्याचा अर्थ लावत बसाल. आपल्याकडे या कामासाठी ‘आवडतेस’ हा साधा, टिकाऊ शब्द आहे. फक्त कुठल्या अर्थाने, ते सांगावं लागतं. आणि कांदेपोह्यांच्या वातावरणात ‘आवडतेस’चा अर्थ थेट ‘लग्न करशील का’ असा घेतला जाऊ शकतो, म्हणून तेही स्पष्ट केलेलं बरं. साधारण असं:

‘‘मला तुला एक विचारायचंय. तू मला आवडतेस. मैत्रीण म्हणून आवडतेसच, पण त्याहून वेगळ्या अर्थानेही. तुला माझ्याबद्दल तसं काही वाटतं का, मला माहीत नाही. वाटत असेल, तर आपण एकमेकांना या नजरेने थोडं ओळखून घेऊया का? आज उत्तर द्यायची गरज नाही. आणि ‘नाही’ असेल तर तेवढं सांग. कारण नको, आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही.’’

शांतपणे बोललात तर याला अर्धा मिनिट लागतो. घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा, पाठ मात्र करू नका. ‘आवडतेस’ म्हणताना आवाज अडखळला तर अडखळू द्या. हे म्हणून झालं की गप्प बसा. हे सगळ्यांत अवघड आहे. शांतता झाली की माणूस घाबरून पुढचं बोलायला लागतो: ‘‘म्हणजे, तसं काही नाही गं, जाऊ दे, मी आपलं सहज...’’ या एका वाक्याने आधीचं सगळं पुसलं जातं. कपाकडे बघा, मनात दहा आकडे मोजा, पण बोलू नका.

हे सगळं व्हॉट्सॅपवर करू नका. निळ्या टिका आल्या आणि उत्तर आलं नाही, की तुम्ही मेसेज डिलीट कराल, मग ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी पाटी तिथे लटकत राहील, आणि स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर आधीच गेलेला असेल. व्हॉट्सॅप भेट ठरवण्यापुरतं ठीक. तेही ‘खूप महत्त्वाचं बोलायचंय’ असं लिहू नका, ती बिचारी तीन दिवस कुणाला काय झालं असेल याचा विचार करील. बहिणीला किंवा मित्राला मध्यस्थ म्हणून पाठवणंही नको. मध्यस्थ प्रश्न नीट नेतो पण उत्तर गोड करून आणतो.

आता उत्तराकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. 1993 मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधिकांनी एकतर्फी प्रेमाचे अनुभव दोन्ही बाजूंनी लिहून घेतले. प्रेम करणाऱ्यांना वाटत होतं, समोरच्याने आशा लावली आणि नकार कधी स्पष्ट दिलाच नाही. नाकारणाऱ्यांना वाटत होतं, आपण आशा लावली नव्हती. त्यांच्या लिखाणात अपराधीपणा आणि वैताग भरपूर होता, आणि नेमकं काय बोलावं हे सुचलंच नाही, अशी अडचणही. प्रेमात पडलेल्याने काय करायचं, हे गाणी-गोष्टींनी आपल्याला शंभरदा शिकवलेलं असतं. नकार कसा द्यायचा, हे कुणीच शिकवत नाही.

त्यामुळे मराठी मुलीचा नकार ‘नाही’ या शब्दात क्वचितच येतो. तो असा येतो: ‘‘अरे, मी तुला कधी त्या नजरेने बघितलंच नाही.’’ ‘‘तू खूप चांगला आहेस, तुला कुणीही मिळेल.’’ ‘‘आत्ता घरी इतकं टेन्शन आहे ना.’’ ‘‘मला आपली मैत्री घालवायची नाहीये.’’ ‘‘सध्या करिअरवर लक्ष द्यायचंय.’’ हे सगळे पूर्ण नकार आहेत. त्यात ‘सध्या’ आहे म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं, किंवा ‘घरी टेन्शन’ आहे म्हणून घरचं टेन्शन सोडवायला जायचं, असं करू नका. ती कारणं तुमचा मान राखण्यासाठी शोधलेली असतात, ती खोडून काढणं म्हणजे तिला जास्त कठोर बोलायला भाग पाडणं. ‘‘का पण?’’ हा प्रश्न तर गिळूनच टाका. तुमचं उत्तर ठरलेलं असू द्या: ‘‘बरं. स्पष्ट सांगितलंस ते छान केलंस.’’ मग कॉफी संपवा आणि निघा. ‘‘पण आपण फ्रेंड्स राहू ना?’’ हेही त्याच मिनिटाला नको, ते दुसरं मागणं होतं.

‘‘मला विचार करायला वेळ दे’’ म्हणाली, तर तो खराच वेळ समजा. एक आठवडा रोजच्या गप्पा थोड्या कमी होऊ द्या, आठवण करून देऊ नका, सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवू नका. दोन आठवड्यांत तिने विषय काढला नाही, तर ते ‘नाही’ आहे. तेव्हा ‘‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल, मी समजलो’’ एवढं एकदाच म्हणून तिची सुटका करा. होकार आला, तर त्याच दिवशी मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. कुणाला कधी सांगायचं हे दोघांनी ठरवायचं असतं, आणि ऑफिसात ते तिला तुमच्यापेक्षा जास्त सोसावं लागतं.

ऑफिसबद्दल थोडक्यात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा 2013 चा कायदा ‘नकोशा’ वागण्याबद्दल आहे. एकदा सभ्यपणे विचारणं आणि नकार मानून थांबणं हे सहसा त्यात बसत नाही. पण नकारानंतर पुन्हा पुन्हा विचारणं, निरोप पाठवणं, तिच्या टेबलापाशी रेंगाळणं, यावर ती कंपनीच्या तक्रार समितीकडे जाऊ शकते आणि तिचं बरोबरच असेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्यासाठी जास्त जवळचा मुद्दा टीमचा आहे. ती तुमच्या हाताखाली आली आणि तिचं अप्रेझल तुम्ही लिहू लागलात, तर या प्रश्नाला ती मोकळं उत्तर देऊच शकणार नाही. म्हणून बदलीचं नक्की झालं असेल, तर आधी तिला तुमच्या टीममध्ये घेऊ नये असं मॅनेजरला सांगा. कारण म्हणून ‘आमची चांगली मैत्री आहे’ एवढं पुरतं. तेही जमत नसेल, तर ती तुमच्याकडे असेपर्यंत विचारायचं नाही.

जातीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. तिने ‘हो’ म्हणायच्या आधीच तुम्ही तिला सासरच्या भांडणात उभी कराल. पण स्वतःशी मात्र तो आधीच मिटवा: तुमची आई चार महिने बोलली नाही, तर तुम्ही ठाम राहणार आहात का? याचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर विचारायची घाई करू नका, कारण पुढे ज्याची हिंमत सुटते त्याच्यामुळे दुसऱ्याची बदनामी होते. कायद्याची अडचण तशी नाही. दोघं हिंदू असाल तर जात वेगळी असली तरी 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होतं. 30 दिवसांच्या नोटिशीची जी धास्ती लोकांना असते, ती 1954 च्या विशेष विवाह कायद्यातली, आणि मुख्यतः धर्म वेगळे असतात तेव्हा तो मार्ग घ्यावा लागतो.

मैत्री तुटेल का? कदाचित पातळ होईल. पण तुम्ही ज्या मैत्रीला जपताय, ती तुमच्या बाजूने केव्हाच बदलली आहे. तिने स्थळांबद्दल सांगितलं तेव्हा तिला मित्र हवा होता, आणि तुम्ही मनात मुहूर्त मोजत होतात. हे तिला माहीत नाही, आणि किती दिवस माहीत नसावं, हाही एक प्रश्न आहे.

नकारानंतरच्या सोमवारची तयारी आजच करून ठेवा. बसमध्ये नेहमीच्या जागेवर बसू नका, पण तोंड फिरवूनही बसू नका. ‘हाय’ म्हणा आणि दोन रांगा मागे जा. पुढे तिने स्वतः शेजारी बोलावलं, तर तेव्हा बसा. दोन-तीन आठवडे आधीची किंवा नंतरची बस घेता आली, तर आणखी बरं. रात्रीच्या गप्पा तुम्ही सुरू करू नका, तिचं स्टेटस म्यूट करून ठेवा. ज्या मित्रांनी ‘तिच्या मनात आहे’ म्हणून चढवलं, त्यांना ‘विचारलं, नाही म्हणाली, विषय संपला’ असं एका वाक्यात सांगा. तिच्याविरुद्ध एक शब्दही तिथे बोलू देऊ नका. झोप, जेवण, काम महिनाभरानंतरही रुळावर आलं नाही, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

अशीच पत्रं मुलींकडूनही येतात, त्यांचा प्रश्न ‘मी आधी विचारलं तर बरं दिसेल का’ असा असतो. विचारा. वरचं वाक्य ‘आवडतोस’ करून जसंच्या तसं चालतं. फक्त पहिली भेट दिवसाढवळ्या, आणि एका मैत्रिणीला कुठे आहात ते सांगून ठेवा. ज्यांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल असं वाटतं, त्यांनी एक पायरी आधीची घ्यावी: विषय तिसऱ्याच कुणाबद्दल काढून, ती व्यक्ती अशा नात्यांकडे कशी बघते, ते पाहा. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संमतीने जुळलेलं प्रौढांचं असं नातं गुन्हा राहिलेलं नाही. पण इथे भावनेबरोबर तुमचं गुपितही दुसऱ्याच्या हाती जातं, आणि ते परत मागता येत नाही.

आणि पुढच्या महिन्यातला तिचा वाढदिवस. ग्रुपच्या वर्गणीत इतरांइतकाच वाटा द्या. वेगळी भेटवस्तू नको, रात्री बाराचा फोन नको. मित्रांना आधीच बजावून ठेवा, की कुणी तुमचं नाव घेऊन कोपराने ढकलायचं नाही. केक कापताना टाळ्या वाजवा, मिळेल तो तुकडा खा आणि नेहमीच्या बसने घरी जा.